आयुष्याची मार्चअखेर



प्रायश्चित्तकाळ आणि मार्च महिना आपल्याकडे बहुतेक वेळा एकत्रच येतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते आणि त्याच आठवड्यात सोसायटीची वसुलीची यादी गावात फिरू लागते. दिंडोरी तालुक्यात हे दिवस द्राक्षकाढणीचे. माल कुणाला दिला, भाव काय लागला, व्यापाऱ्याचे पैसे आले का, एवढ्याच गोष्टी घरोघरी चाललेल्या असतात. ३१ मार्चच्या आत खाते सरळ झाले तर पुढच्या हंगामाला पीककर्ज मिळते आणि व्याजाची सवलतही मिळते. नाही झाले, तर नाव थकबाकीदारांत जाते.

मार्चनंतर दोनच महिन्यांनी ३१ मे येतो. जुन्या काळी जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहून टाकत. म्हणून आपल्याकडचे कितीतरी शिक्षक, शिपाई, कारकून ३१ मे रोजीच निवृत्त होतात. शाल, श्रीफळ, फोटो आणि भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घर शांत असते. त्या शांततेत काही घरांत माणूस समाधानाने चहा पितो आणि काही घरांत फोन वाजला की छातीत धडधडते.

आजचे चिंतन या दुसऱ्या घरांसाठी आहे. खरे तर पहिल्या घरांसाठीही आहे, कारण दुसऱ्या घरातल्या माणसाला जामीन राहिलेला माणूस पुष्कळदा पहिल्या घरातला असतो.

विधवेचे तेल

जुन्या करारात राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एका विधवेची हकिकत आहे. तिचा नवरा देवभक्त होता, संदेष्ट्यांच्या मंडळीतला होता, पण कर्ज ठेवून वारला. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे धावली. अलीशाने तिला आधी विचारले, घरात काय आहे? ती म्हणाली, तेलाच्या एका भांड्याशिवाय काही नाही. त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितले, पुष्कळ आणायला सांगितले. मग दार लावून, मुलांना हाताशी घेऊन ती तेल ओतत राहिली. भांडी संपली तेव्हा तेल थांबले.

चमत्कार आपल्या सर्वांना आठवतो. त्यानंतर अलीशाने सांगितलेला क्रम मात्र आपण विसरतो. तेल विकून आधी देणे चुकते करायचे आणि जे उरेल त्यावर मायलेकरांनी गुजराण करायची. मुलांच्या लग्नाला काढून ठेव किंवा घराला नवा रंग दे, असे त्याने सांगितले नाही.

या कथेत आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली, तो कर्जदार देवभक्त होता. म्हणजे कर्ज झाले म्हणून माणूस वाईट ठरत नाही, आणि भक्ती केली म्हणून कर्ज आपोआप फिटतही नाही. दुसरी, सावकार आला तेव्हा कर्ज काढणारा हयात नव्हता, बायको आणि मुले होती. कर्जाची भरपाई बहुतेक वेळा सही करणारा करत नाही. तिसरी, सुटकेची सुरुवात प्रश्नाने झाली. घरात काय आहे? हा प्रश्न विचारायला पुष्कळ घरांत आज कुणी धजत नाही.

सुप्याची होळी

कर्ज आपल्या मातीला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जरोख्यांची कागदपत्रे जाळली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत ते लोण पसरले. इतिहास त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतो. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला.

पण ते कर्ज झाले कसे? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस थांबला, म्हणून इकडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. हातात पैसा खेळू लागला, सावकार आपणहून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव पडला, सरकारने सारा वाढवला आणि सावकाराने हात आखडता घेतला. चांगल्या वर्षाच्या भरवशावर काढलेले कर्ज वाईट वर्षांत फेडावे लागले.

आपल्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एका हंगामात भाव चांगला लागला की त्याच भावाचा हिशोब पुढची दहा वर्षे धरून आपण गाडी, बंगला, लग्न ठरवतो. मग फुलोऱ्यात अवकाळी पाऊस येतो, काढणीला गारा पडतात. बागेचा दोष नसतो, आपल्या हिशोबाचा असतो. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाची बेरीज करायला प्रभू येशूने सांगितले (लूक १४), ते याचसाठी.

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचा. यरुशलेमचे लोक ओरडत होते की, आमची शेते, द्राक्षमळे आणि घरे धान्यासाठी गहाण पडली, राजाचा कर भरायला आम्ही कर्ज काढले. आणि घेणेकरी कोण होते? त्यांचेच भाऊबंद! नहेम्याने त्या श्रीमंतांना भर सभेत जाब विचारला आणि शेते, मळे, घरे परत करायला लावली. आपल्या धर्मग्रामात कुणी कुणाला शेकड्याने पैसे देत असेल, तर त्याने हा अध्याय रात्री झोपण्यापूर्वी वाचावा. नाव आम्ही घेत नाही.

तिसऱ्या बाकावरचा माणूस

एक गोष्ट संबंधितांच्या परवानगीने, नावगाव न सांगता लिहीत आहोत.

आपल्यातलेच एक गृहस्थ निवृत्त झाले. काही महिन्यांनी आमच्या लक्षात आले की ते मिस्साला येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि शांतिचिन्ह द्यायच्या आधी बाहेर पडतात. आम्हाला वाटले, घाईत असतील. मग वाटले, कुणाशी भांडण असेल. शेवटी एका संध्याकाळी त्यांना बोलावून विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, तिसऱ्या बाकावर तो बसतो. मी त्याच्या हातात हात कसा देऊ?"

मुलीच्या लग्नासाठी त्यांनी एका पतसंस्थेतून कर्ज घेतले होते. दोन जामीनदार होते, दोघेही आपल्याच धर्मग्रामातले. निवृत्तीचे पैसे आले ते घराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये आणि हातउसने फेडण्यात गेले. पगार थांबला, हप्ते थांबले. नोटीस तिसऱ्या बाकावरच्या माणसाच्या घरी गेली. त्याची स्वतःची मुलगी तेव्हा नर्सिंगला होती.

बंधूभगिनींनो, त्या लग्नाचा विधी आम्हीच लावला होता. मंडपात आम्ही दोन शब्द बोललो आणि आई-वडिलांनी हौसेला काही कमी पडू दिले नाही, असे कौतुक केले. जेवलोही. लग्नाआधी त्या कुटुंबाशी चार बैठका झाल्या होत्या. कागदपत्रे, पुकार, प्रायश्चित्त संस्कार, सगळे विचारले. हा खर्च कुठून करता आहात, एवढे मात्र विचारले नाही. ऋण काढून सण करू नये, ही म्हण आम्हालाही पाठ होती. त्या घराच्या कर्जात आमच्या त्या कौतुकाचाही वाटा आहे, असे आम्हाला आज वाटते.

पुढे तिघे धर्मगुरुनिवासात बसले. गृहस्थांच्या पत्नीही आल्या. कर्जाचा पूरा आकडा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळला. त्या रडल्या, रागावल्या, आणि मग म्हणाल्या की गाडी विका. गाडी गेली. जामीनदाराने भरलेली रक्कम दरमहा थोडी थोडी परत करायची, असे ठरले आणि कागदावर लिहिले. ते हप्ते अजून चालू आहेत. सगळे गोड झाले, असे आम्ही सांगणार नाही. पण हल्ली ते गृहस्थ मिस्सा संपेपर्यंत थांबतात.

'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना म्हणताना आपण अपराधांची क्षमा मागतो. मत्तयाने तेथे वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'देणे, कर्ज' असा आहे. प्रभूने पापासाठी शब्द निवडला तो बाजारातला. देणे थकले की नाते थकते, हे त्याला ठाऊक होते.

आधी वही, मग वात

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो, तेव्हा सॉक्रेटिसचा मृत्यू वाचला होता. विषाचा प्याला पिऊन झाल्यावर त्याने आपल्या मित्राला अखेरची गोष्ट सांगितली ती एका देण्याबद्दल. देवाला एक कोंबडा द्यायचा राहिला आहे, तो विसरू नकोस, एवढीच. विद्वान त्याचे अनेक अर्थ लावतात. आम्हाला आता त्यातला साधा अर्थ जास्त पटतो. शहाणा माणूस जाताना देणे आठवतो.

आपल्या पवित्र शास्त्रात तोबित आहे. म्हातारा, आंधळा, आता मरण येईल असे वाटणारा. त्याने मुलाला, तोबियाला, जवळ बसवले आणि मेदिया देशात गबाएलकडे ठेवलेल्या पैशाची माहिती दिली, त्याची चिठ्ठी दिली. त्याच बैठकीत त्याने मुलाला सांगितले की मजुराची मजुरी त्याच दिवशी दे, रात्रभर ठेवू नकोस. हिशोब आणि उपदेश एकाच बैठकीत झाले. आपण उपदेश भरपूर करतो, हिशोब सांगत नाही.

म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक कुटुंबाला या प्रायश्चित्तकाळात आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, एक वही करा. पती-पत्नींनी एकत्र बसून लिहा. कुणाचे किती देणे, व्याज किती, काय गहाण, जामीनदार कोण, कोरे धनादेश कुणाकडे दिले आहेत. आपण कुणाला जामीन आहोत, तेही लिहा. किराणा दुकानाची उधारी आणि मजुरांची राहिलेली मजुरी विसरू नका. त्या वहीसमोर मेणबत्ती लावून एक प्रार्थना म्हणा. पण आधी वही, मग मेणबत्ती.

दुसरी, फेडण्याचा क्रम ठरवा. गरिबाची मजुरी सर्वांत आधी, कारण तो न्यायाचा प्रश्न आहे. त्यानंतर सर्वांत महाग व्याज. 'शेकडा तीन' हे ऐकायला थोडे वाटते. एका लाखाला दरमहा ३,००० रुपये, वर्षाला ३६,००० रुपये. ३३ महिन्यांत ९९,००० रुपये व्याज जाते आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. कारखान्यातल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली. अशा पेन्शनचे तीन महिने साठवले, तर एका लाखाचे एका महिन्याचे व्याज निघते! असे कर्ज निवृत्तीच्या दारापर्यंत नेऊच नका. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यान्वये तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते, हेही लक्षात ठेवा.

तिसरी, शेवटच्या पाच वर्षांत नवे मोठे कर्ज नको. मुलाच्या धंद्यासाठी निवृत्तीची सगळी रक्कम एकदम देऊ नका. प्रेम कमी असते म्हणून नाही, तर उद्या त्याच मुलापुढे औषधासाठी हात पसरायची वेळ आपल्यावर आणि नाही म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून. फेडताना सगळी पुंजीही संपवू नका. विधवेलाही उरलेल्या तेलावर जगायचे होते. आजारपणापुरते काही बाजूला ठेवा.

चौथी, जामीन राहताना दहादा विचार करा. सिराखच्या ग्रंथात एकोणतिसाव्या अध्यायात दोन्ही बाजू आहेत. अडलेल्या शेजाऱ्याला मदत कर, असेही तेथे आहे आणि जामीनकीने चांगली चांगली घरे बुडाली, असेही आहे. जेवढे परत न आले तरी आपले घर चालेल, तेवढीच सही करा.

पाचवी, कर्ज फिटले की बेबाकी दाखला घ्या, कोरे धनादेश आणि स्टॅम्पपेपर परत घ्या, सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा तलाठी कार्यालयात अर्ज करून कमी करून घ्या. कितीतरी घरांत कर्ज बापाने फेडलेले असते आणि बोजा नातवाला दिसतो.

खरड छाटणी

आपल्या बागेला वर्षातून दोनदा कात्री लागते. ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. एप्रिलची खरड छाटणी मात्र वेलीला पुन्हा सशक्त काडी यावी म्हणून. त्या दिवसांत बाग उघडीबोडकी दिसते. परक्या माणसाला वाटेल, यांनी बाग मोडली. बागायतदाराला माहीत असते की आता काडी तयार होते आहे.

निवृत्तीआधीची साधी राहणी ही आयुष्याची खरड छाटणी आहे. मोठे घर लहान करणे, दुसरी गाडी काढणे, वाढदिवसाचा हॉल सोडून घरी जेवण करणे, सोन्याचा एखादा दागिना पडून राहण्यापेक्षा व्याज थांबवायला वापरणे. लोक काय म्हणतील? म्हणतील, यांचे दिवस फिरले. म्हणू द्या. काडी तयार होते आहे, हे आपल्याला माहीत असावे.

आपल्या महाराष्ट्राचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. शेवटची दोन वर्षे त्यांनी मुद्दाम कमी करत नेली. टिळकांसारखे सगळे सोडणे आपल्याला जमणार नाही आणि ते सर्वांना सांगितलेलेही नाही. पण त्यातले थोडे जमेल.

ज्यांना निवृत्तीच नाही

येथपर्यंत वाचून काही जण म्हणाले असतील, फादर, हे नोकरदारांचे झाले. आम्ही दुसऱ्याच्या बागेत रोजाने जातो. आम्हाला कसली ग्रॅच्युइटी आणि कसला ३१ मे?

तुमचे म्हणणे खरे आहे. हात चालतात तोवर काम आणि थांबले की उपास, हीच तुमची निवृत्ती. ६५ वर्षांवरील निराधार गरिबांसाठी राज्य शासनाची श्रावणबाळ योजना आहे. तिचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. कागद भरायला आपले तरुण दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मिस्सानंतर बसतील.

यापुढचे काम मंडळीचे आहे. १९०९ मध्ये रांचीला फादर हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी आदिवासींना सावकारीतून सोडवण्यासाठी कॅथोलिक सहकारी पतसंस्था उभी केली. १९१८ मध्ये वसईत मोन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्था पुढे बसीन कॅथोलिक सहकारी बँक झाली. ते बँकवाले नव्हते. आपल्या लोकांच्या दारात सावकार बसलेला त्यांना पाहवला नाही. आपली ताकद तेवढी नाही, पण प्रत्येक वाडीत एक प्रामाणिक बचतगट चालवण्याएवढी नक्कीच आहे. त्या विधवेचे तेल शेजाऱ्यांच्या रिकाम्या भांड्यांत भरले गेले, हे विसरू नका. शेजाऱ्यांनी पैसे दिले नव्हते, भांडी दिली होती.

आणि एक निर्णय आमचा. सणाच्या वर्गणीची नावे आणि रकमा आजवर वेदीवरून वाचल्या जात. ते ऐकून कुणी घरी जाऊन हातउसने काढून पुढच्या वर्षी आकडा वाढवत असेल, याचा आम्ही विचार केला नव्हता. धर्मग्राम परिषदेशी बोलून ते वाचन आम्ही बंद करत आहोत. सण साधा होईल. ज्यांचे कर्ज आहे त्यांनी यंदा वर्गणी देऊ नये, ती वहीतल्या पहिल्या नावाला द्यावी. देवाला ती पोहोचेल.

शेवटी, कर्जाने ज्याची झोप उडाली आहे त्याला एवढेच सांगायचे आहे. जीव कर्जापेक्षा मोठा आहे. कोणत्याही नोटिशीपेक्षा, कोणत्याही बदनामीपेक्षा मोठा आहे. रात्री-अपरात्री धर्मगुरुनिवासाचे दार वाजवा. आमच्याकडे पैसे नाहीत, पण बसायला खुर्ची आहे, वही आहे, आणि अलीशाने विचारलेला प्रश्न आहे. घरात काय आहे? तेथून सुरुवात करू.

प्रार्थना करू या.

हे दयाळू पित्या, आम्ही तुझे देणे कधीच फेडू शकत नाही आणि तू ते आमच्याकडे मागत नाहीस. माणसांचे देणे मात्र आम्हाला फेडता येते, ते फेडायची बुद्धी आणि बळ दे. आमची हौस कमी कर, आमची लाज कमी कर, आमचे खरे बोलणे वाढव. आमच्या जामीनदारांना सांभाळ. घेणेकऱ्यांच्या मनात दया घाल. उतारवयात आमचे हात रिकामे झाले, तरी ते एकमेकांच्या हातात द्यायला मोकळे असू देत. आपल्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.

आपले धर्मगुरू